जोडलेलं गाव

खासदार कृष्णातराव राज्यसभेत होते. त्यांना ग्रामीण भागाची काळजी असे आणि अधिवेशन चालू असेपर्यंत ती ते वाहत. उदारीकरण आलं, दिल्लीत परदेशी गाड्या आल्या, तरी खेड्यापाड्यांत टेलिफोन पोचेना. तेव्हा साहेबांनी ‘ग्रामीण दूरध्वनी व ग्राहक संरक्षण विधेयक’ मांडायचं ठरवलं. मांडायचं साहेबांनी, लिहायचं त्यांच्या स्वीय सचिवाने, म्हणजे अंबादासने.

अंबादास दिल्लीच्या टोकाला, द्वारका वसाहतीत राही. सोसायटी नवी होती. रस्ता यायचा होता. पाणी टँकरने येई, अंधार पडला की बस बंद, आणि पार्किंगमध्ये शेजारच्या वस्तीतल्या म्हशी बसत. फोनसाठी नाव नोंदवलेलं होतं, पण आता त्याची आठवणही कुणी काढत नसे. एका रविवारी विधेयकात ‘गाव’ या शब्दाची व्याख्या लिहायला तो बसला. जे खिडकीतून दिसलं ते त्याने लिहून काढलं. बायकोने, प्रणिताने, ते वाचलं.

“हे तर आपलंच वर्णन आहे,” ती म्हणाली.

अंबादासने ते खोडलं नाही.

विधेयक शुक्रवारी दुपारी, रिकाम्या बाकांसमोर चर्चेला आलं. मंत्रिमहोदयांनी भावना समजून घेतल्या आणि विधेयक मागे घेण्याची विनंती केली. साहेबांनी ते मागे घेतलं. बदल्यात त्याच व्याख्येवर एक प्रायोगिक योजना निघाली: प्रत्येक खासदाराने फोन नसलेलं एक गाव सुचवायचं.

“आपलं वडजांभूळ देऊ,” साहेब म्हणाले.

“साहेब, वडजांभूळला फोन आहे. उद्घाटन तुमच्याच हस्ते झालंय.”

“चालतो का?”

“व्याख्येत ‘आहे’ एवढंच आहे, साहेब. ‘चालतो’ असं नाही.”

“अच्छा. मग दुसरं कुठलं?”

“आमची सोसायटी व्याख्येत बसते.”

साहेबांनी चष्मा पुसला. “आमच्या लेकीचा, भक्तीचा फ्लॅटही तिथंच ना?”

“हो, साहेब. आमच्याच मजल्यावर.”

महिन्याभरात द्वारकेतल्या त्या गावात घरोघरी फोन आले.

पावसाळा सरल्यावर वडजांभूळहून अंबादासचे मामा आले. हणमंतमामांना गावात मान होता. चावडीतला तो फोन त्यांनीच मागून मागून आणवला होता. दिवाणखान्यात बसून त्यांनी पाणी घेतलं आणि मग सांगितलं, की सून बाळंतपणात अडली. फोन मुका. तालुक्याहून जीप आणायला मुलगा सायकलवर गेला. नात वाचली, सून नाही.

प्रणिताने पदर डोळ्याला लावला. अंबादासला गलबलून आलं.

“मला तक्रार करायचीय,” मामा म्हणाले. “कायद्यात ग्राहकाचं रक्षण आहे म्हणे.”

“आहे ना. पण मामा, ग्राहक म्हणजे ज्याने सेवा घेतली तो. तुमचा फोन एकदाही लागला नाही. म्हणजे सेवा नाही. म्हणजे तुम्ही ग्राहक नाही.”

“मग काय आहोत आम्ही?”

“जोडलेलं गाव.”

मामांनी याचा शांतपणे विचार केला. “मग तो फोन काढून न्या. म्हणजे आम्ही बिनफोनचे होऊ, आणि तुमच्या योजनेत बसू.”

“काढायचा अर्ज ग्राहकालाच करता येतो, मामा.”

“आणि मग साहेबांनी योजनेत गाव कुठलं घेतलं?”

अंबादास उत्तर जुळवत होता, तेवढ्यात फोन वाजला. करोल बागेतून प्रणिताची बहीण हेमलता बोलत होती. पडद्याचं कापड फिकं घ्यावं की गडद, हा प्रश्न होता. प्रणिता आत चहा टाकत होती, म्हणून अंबादासने आत हाक मारून तिला रंग विचारला, तो हेमलताला सांगितला, मग मीटरही विचारून सांगितले. बोलता बोलता त्याने मामांकडे पाहिलं. मामा फोनकडे बघत होते. तिकडची बाई काय बोलते ते इथवर ऐकू येत होतं.

त्याने फोन ठेवला तेव्हा खुर्ची रिकामी होती. चहा घेऊन आलेली प्रणिता दारातच थांबली. अंबादास खाली धावला, पण बस नुकतीच सुटली होती.

त्याला फार वाईट वाटलं. एवढं, की वर येऊन त्याने ते साहेबांना, भक्तीला आणि पुन्हा हेमलताला फोन करून सांगितलं. तिघांनाही मनापासून वाईट वाटलं. आत्ता तुम्हाला वाटलं, साधारण तेवढंच.