सत्तावीस नंबरचा शेवटचा थांबा

सत्तावीस नंबरची बस गेले सात महिने एका नसलेल्या गावाला रोज जाऊन येत होती. ती आपल्यामुळेच तिथे जाते, हे आरेखकाला एका सोमवारी डबा उघडता उघडता कळलं.

अतिवेगवान रेल्वेच्या स्थानकासाठी ते गाव उठवलं होतं. माणसं नदीपलीकडच्या वसाहतीत गेली, घरं पडली, जमिनीवर रोलर फिरला. गाडी यायला अजून चार वर्षं होती. शहर वाहतूक कार्यालयातल्या या गृहस्थाचं काम एवढंच, की बसच्या नव्या नकाशातून गाव पुसायचं. त्याने नदी निळी केली, वसाहत दाखवली आणि नेमकं गाव पुसायचं विसरला. नकाशावरून वेळापत्रक झालं, वेळापत्रकावरून बस सुटली, आणि कुणीही काही विचारलं नाही.

शुक्रवारी रेल्वेत पैसा गुंतवणाऱ्यांचं पथक पाहणीला येणार होतं. ओसाड माळावर रिकामी बस दिसली, तर मोठे साहेब त्याला सोलून काढणार. थांबा गुपचूप रद्द करावा, कारणाच्या रकान्यात ‘प्रवासी नाहीत’ लिहावं, असा विचार करून त्याने प्रवाशांचे आकडे काढले. दुपारी बाराला उतरणारे एक्केचाळीस. चारला चढणारे एक्केचाळीस. सात महिने रोज तेवढेच.

त्याने डबा बाजूला सारला. मोजणीचं यंत्र बिघडलं असणार म्हणून त्याने कंडक्टरला फोन लावला. यंत्राचं काही माहीत नाही, माणसं मी स्वतः मोजतो, असं कंडक्टरने सांगितलं.

“मग तिथे उतरून जातात कुठे?”

“घरी,” कंडक्टर म्हणाला आणि फोन ठेवला.

रात्री जेवताना त्याने हे बायकोला सांगितलं. ती म्हणाली, एकदा जाऊन बघा, पण कुणी आत बोलावलं तर जाऊ नका.

दुसऱ्या दिवशी तो बसच्या मागच्या बाकावर अंग चोरून बसला. बस भरलेली होती, पण कुणी चकार शब्द काढत नव्हतं. एकाच्या हातात केरसुणी, एकाकडे घडीची खुर्ची. पूल गेला, डांबर संपलं, एका खांबापाशी बस थांबली. माणसं एकेक करून सावकाश उतरली, त्यांच्यामागून तोही उतरला.

समोर सपाट, करडी जमीन. झाड नाही, त्यामुळे पाखरू नाही. स्वतःचा श्वास ऐकू येत होता. ती माणसं दहा पावलं सरळ गेली आणि काहीही नसलेल्या जागी सगळीच्या सगळी डावीकडे वळली; तोही मागोमाग गेला. मग एकेक जण गळत गेला. कुणी हवेतली कडी काढल्यासारखं केलं, कुणी वाकून आत शिरलं. दोघे म्हातारे दोन हातांच्या अंतरावर एकमेकांकडे पाठ करून बसले, मध्ये भिंत असल्यासारखे.

आरेखक मागे वळून बघतो तो बस निघून गेलेली. निदान खांबापाशी तरी उभं राहावं म्हणून तो माळ तिरका कापत निघाला.

“अहो, तिकडून कुठे? भिंत आहे ती.”

एक पाय हवेत धरूनच तो थांबला. मांडीवर कापड घेऊन एक बाई काजं करत बसल्या होत्या.

“दारातून या. आणि पाय पुसून.”

बायकोची ताकीद त्याला आठवत होती. पण इतक्या सरळपणे बोलावल्यावर नाही कसं म्हणायचं, ते त्याला सुचेना. त्याने मातीवर बूट पुसले आणि बाईंनी बोट दाखवलं तिथून तो आत गेला. बाई शिवणकाम करत. वसाहतीत सगळं आहे, नळाला पाणीसुद्धा चोवीस तास, पण दुपारची झोप तिथे कुणालाच लागत नाही, असं त्यांनी सांगितलं. बस मिळते म्हणून इथे येतो, म्हणाल्या. चारपर्यंत तो तिथेच बसला. भर उन्हात बसूनही त्याला ऊन लागलं नाही, याचं मात्र त्याला घरी पोचल्यावर नवल वाटलं.

एवढं झाल्यावर ‘प्रवासी नाहीत’ लिहायला हात धजेना. तेवढ्यात ते आकडे साहेबांच्या नजरेला पडले, आणि साहेब हरखलेच. स्थानकाचा पत्ता नाही आणि रोज एक्केचाळीस प्रवासी! शुक्रवारी त्यांनी पथकाला मिरवत तिथे नेलं. ही माणसं कशाची वाट बघताहेत, असं पाहुण्यांनी विचारल्यावर त्यांनी बेधडक सांगितलं, गाडीची. एका पाहुण्याने तर चष्मा काढून डोळे पुसले. परतताना साहेब मध्येच थबकले, रिकाम्या जागेकडे बघून “माफ करा” म्हणाले आणि वळसा घालून आले. थांब्याला पक्की शेड तिथल्या तिथे मंजूर झाली.

शेडची जागा आखायला अर्थातच आरेखकाला पाठवलं. त्याने खुंटी जिथे ठोकावी, ते कुणाचं तरी स्वयंपाकघर निघे. एक्केचाळीस जणांना विचारून विचारून शेवटी जी जागा उरली, तिथे शेड रस्त्याला पाठ करून उभी राहणार होती. साहेबांनी नकाशा पाहिला आणि त्याला बोलावून घेतलं.

“सगळी जमीन मोकळी असताना ही शेड अशी उलटी का?”

“बाकी ठिकाणी घरं आहेत, साहेब.”

“मोबदला देऊन झालाय, ताबा घेऊन झालाय. त्यांच्या सह्या आहेत कागदावर.”

“आहेत, साहेब. पण त्या शिवणकामवाल्या ताई म्हणतात, अजून आवरून झालेलं नाही.”

साहेबांनी उठून केबिनचं दार लावलं आणि आवाज अगदी खाली आणून विचारलं, “किती दिवस लागतील म्हणाल्या?”