डबल बेल नाय, तवर गाडी हलणार नाय

आमच्या सोसायटीत बायकोने दोनदा घंटी वाजवल्याशिवाय गेटबाहेर न पडणारा पुरुष एकच, पहिल्या मजल्यावरचे म्हात्रेकाका. दूध आणायचं असो की मयताला जायचं असो, काका सायकलवर बसून एक पाय टेकून उभे. वरच्या खिडकीतून 'ट्रिंग ट्रिंग' आलं की मगच पेडल. तीस वर्षं एसटी चालवली. कंडक्टरची एक बेल म्हणजे थांबा, दोन म्हणजे निघा. रिटायर झाले तरी ते डोक्यातून गेलं नाही.

"डबल बेल नाय, तवर गाडी हलणार नाय," मागे माझी कार कितीही बोंबलली तरी काकांचं हेच.

दोन वर्षांपूर्वी काकींना लकवा झाला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. काकांनी पलंगाच्या डाव्या कडेला सायकलची घंटी बसवून दिली. काकी पडल्यापडल्या बेल द्यायला लागल्या आणि दुधाची गाडी पुन्हा टायमावर सुटायला लागली.

तर असा हा माणूस एके सकाळी माझ्या दारात. "सेक्रेटरीसाहेब, आमी कन्याकुमारीला चाललो. सायकलवर, एकटा."

दवाखान्यात काकींच्या शेजारी एक बाई होती. तिला चाकाची खुर्ची परवडेना. नवरा तिला पाठीवर घेऊन जिने चढायचा. ते काकांच्या मनातून जाईना. अशा लोकांना खुर्च्या द्यायच्या. काका कन्याकुमारीला पोचले की लोकांनी पैसे द्यायचे. आणि लोक गाठायचे कोणी? मी! खारघरपर्यंत ओळखीपाळखीच्या माणसांना एसेमेस करकरून मी शब्द घेतले. माझी अब्रू अडकली होती हो त्यात.

इकडे काकांनी वेळापत्रक काढलं. पेण, आगमन ८.४०, प्रस्थान ८.५०. वडखळ, विनंती थांबा. "काका, विनंती कोण करणार? गाडीत तुम्ही एकटे!" "नियम हाय," काका म्हणाले. हँडलला 'पनवेल–कन्याकुमारी' अशी पाटी लागली. बावीस दिवसांसाठी मुलगी माहेरी राहायला आली. सगळं ठरलं. मग निघणं पुढे ढकलायला सुरुवात झाली. एकदा सीट टोचते, एकदा ऊन फार, एकदा वारा उलटा. कन्याकुमारीचा वारा पनवेलमध्ये बसून कसा कळला देव जाणे. भित्रा आहे झालं, असं मी बायकोला सांगून टाकलं.

शेवटी निघायचा दिवस उजाडला. गेटवर नारळ फुटला, चाकाखाली लिंबू ठेवलं, अख्खी सोसायटी टाळ्यांना तयार. काका एक पाय टेकून उभे.

ट्रिंग.

आम्ही दुसऱ्या बेलची वाट बघितली. काकांनीही बघितली. आली नाही.

"हात दुखत असेल काकींचा. निघा तुम्ही," मी म्हणालो.

काका सायकलवरून उतरले. "एक बेल म्हणजे थांबा," एवढंच म्हणाले, हार काढून मुलीकडे दिला आणि सायकल खांद्यावर घेऊन जिना चढले.

संध्याकाळी मी तणतणत वर गेलो. म्हटलं, आज सोक्षमोक्ष लावतोच. दार उघडंच होतं. काकींच्या पलंगासमोर सायकल स्टँडवर उभी, मागच्या चाकाला किलोमीटर मोजणारा मीटर, आणि वर पेडल मारणारे काका घामाघूम.

"पेण आलं गं," ते काकींना सांगत होते. "गणपतीवाल्यांच्या पत्र्याच्या शेड दिसतात. दहा मिनिटं थांबू."

काकी एकटक बघत होत्या. मला बघून काका ओशाळले. "साहेब, लोकांना फसवणार नाय. जेवढं अंतर, तेवढं चालवणार. खरं सांगू? तिनं डबल दिली असती, तरी तिला सोडून वडखळच्या पुढं माझा पाय चालला नसता."

माझा राग कुठल्या कुठे गेला. मला माझीच लाज वाटली.

मी लोकांना खरं तेच सांगितलं. खारघरच्या एका साहेबांनी "स्टँडवर घाट कसे लागतात?" असं विचारून घेतलं, पण शब्द कोणी फिरवला नाही. मी सोसायटीच्या फळ्यावर रोज लिहायला लागलो: आजचा मुक्काम कणकवली, आजचा मुक्काम सावंतवाडी. लोक दूध आणताना वाचायचे.

बाविसाव्या दिवशी आम्ही सगळे त्या खोलीत दाटीवाटीने उभे. मीटरवर कन्याकुमारीचं अंतर भरलं. काका उतरले, पलंगाच्या कडेला बसले, काकींचा डावा हात हातात घेतला. "पोचलो. समोर तीन समुद्र हायत. गाडी खाली करायची का?"

काकींनी हात सोडवून घेतला. घंटीपर्यंत न्यायला त्यांना वेळ लागला.

ट्रिंग. ट्रिंग.

काका उठले, टॉवेलने तोंड पुसलं आणि परत सायकलवर चढले.