मोहाचे आठ दिवस आणि एकवीस वाक्यं

एका जंगलात, बाळांनो, एक मोहाचं झाड होतं आणि त्याच्या अगदी समोर शाळेचं झाड होतं. ही दोन झाडं जरा लांब लांब असती, तर मला ही गोष्ट सांगावीच लागली नसती.

शाळेच्या झाडाला दहा फांद्या. पहिलीची पोरं सगळ्यात खाली, दहावीची पार शेंड्याला. गुरुजी होते सरडा. सरडेगुरुजींना सारखी मान हलवायची सवय. पोरांना वाटायचं, आपलं बरोबर आलं. आयांना वाटायचं, आपलं पोर हुशार आहे. त्यामुळे शाळेचं नाव चांगलं होतं.

त्या जंगलात गोंदा नावाची खार राहायची. तिला एकच लेक, शेपू. गोंदा स्वतः सातव्या फांदीपर्यंत शिकली, मग लग्न झालं, आणि आठवी फांदी राहिली ती राहिलीच. आता शेपू सातवीवर होती. गोंदाला दिवसभर नुसती धाकधूक. पोरीला एक शिंक आली तरी हिला वाटायचं, गेली आठवी हातातून.

एक दिवस गुरुजींनी गृहपाठ दिला. 'वाया घालवणे' हे शब्द घालून एकवीस वाक्यं लिहा. एकासारखं दुसरं नको. आठ दिवसांनी तपासणार, आणि ज्याची एकवीस भरतील तोच आठव्या फांदीवर चढणार.

आता नेमके तेच आठ दिवस मोह गळायचे होते.

मोहाचं कसं असतं ते सांगते. फुलं पहाटे टपटप पडतात. ती ऊन तापायच्या आत वेचायची, खडकावर वाळवायची आणि ढोलीत भरायची. पावसाळ्यात बाहेर काही मिळत नाही, तेव्हा तीच खायची. म्हणून जंगलाची एक रीत होती. झाडाखालची जमीन प्रत्येक घराने आपापली झाडून ठेवायची. त्या जागेत पडेल ते त्या घराचं. पण ऊन खोडाला टेकलं की वाटणी संपली. मग जो वेचील त्याचं.

गोंदाने आपली जागा आदल्या दिवशीच शेपटीने लख्ख झाडून ठेवली. आणि पहाटे उठून पोरीला लिहायला बसवलं.

शेपूचे कान बाहेर. फुलं पडायला लागली, आवाज येतोय, जाऊया ना, म्हणून ती आईच्या मागे लागली.

"पडू देत," गोंदा म्हणाली. "एक वाक्य झालं की जाऊ."

ते एक काही होईना. शेपूने पानावर लिहिलं, 'घुबड दिवस वाया घालवते.' गोंदा म्हणाली, घुबड शाळेच्या कमिटीवर आहे, खोड ते. मग शेपूने लिहिलं, 'आईने सकाळ वाया घालवली.' हे गोंदाने स्वतःच खोडलं. घरातलं बाहेर लिहायचं नसतं म्हणे. शेवटी दोघींनी मिळून 'पाणी वाया घालवू नये' असं लिहिलं, तोवर ऊन खोडाला टेकलं होतं.

शेजारच्या ऐनाच्या झाडावर हौसाकाकू राहायची. ही वानरीण. तिची दोन पोरं शेपूच्याच वर्गात, पण तिने त्यांना पहाटेच मोहाखाली जुंपलं होतं. ऊन टेकल्याबरोबर ती गोंदाच्या ढोलीशी आली.

"काय गं गोंदा, आजारी-बिजारी आहेस का? फुलं तशीच पडलीत तुझी."

"अभ्यास चाललाय, काकू."

"असं होय. मग मी उचलू का? उगाच कशाला वाया घालवायची."

गोंदाचा चेहरा एकदम खुलला. ती पोरीकडे वळली. "ऐकलंस? लिही. 'फुले वाया घालवू नयेत.' झालं दुसरं."

काकू टोपली भरून गेली.

पुढे रोज असंच. एकदा शेपू गुपचूप निसटली आणि दोन्ही गाल भरून फुलं घेऊन आली. गोंदाने ती बाहेर काढायला लावली. तोंड भरलेलं असलं की डोकं चालत नाही, हे तिने कुठेतरी ऐकलं होतं. हौसाकाकूने तीही नेली, वर पोरीला शाबासकी दिली.

गोंदा काही वेडी नव्हती, बाळांनो. रोज संध्याकाळी ती ढोलीत डोकावायची. तळ दिसायचा. पावसाळाभर पोरीला काय घालू, असं मनात यायचं. पण मग वाटायचं, मोह पुढच्या वर्षीही गळेल. आठवी फांदी पुढच्या वर्षी कुणी पाहिलीय?

आठव्या दिवशी झाड रिकामं झालं. वाक्यं झाली होती वीस. गोंदा इतकी थकली होती की एकविसाव्याला म्हणाली, लिही तुझ्या मनाने काय लिहायचं ते. शेपूने लिहिलं आणि पान उपडं ठेवलं.

दुसऱ्या दिवशी तपासणी. हौसाकाकूच्या पोरांची सहा-सहाच वाक्यं होती. त्यांच्या पानांना मोहाचा रस लागला होता, त्यावर मुंग्या चढल्या होत्या. गुरुजींनी मुंग्या खाल्ल्या आणि पोरांना सातवीवरच ठेवलं.

मग शेपूचं पान. गुरुजी मोठ्याने वाचत गेले. शेवटचं आलं, 'आम्ही मोहाचे आठ दिवस वाया घालवण्याची वाक्ये लिहिण्यात वाया घालवले.'

गुरुजींची मान जन्मात पहिल्यांदा थांबली.

"बाळ," गुरुजी म्हणाले, "तेच शब्द दोनदा घातलेस. एकदाच पुरले असते."

आणि मान पुन्हा हलायला लागली. शेपू आठवीवर चढली. गोंदा खाली उभी राहून रडली. कशासाठी ते तिचं तिलाच कळलं नाही.

मग पावसाळा आला. आठवी फांदी उंच होती, तिथून सगळं जंगल दिसायचं, खाण्यासारखं सोडून. दोघी मायलेकी साली कुरतडायला लागल्या. शेपू वर्गात पेंगायची आणि गुरुजी मान हलवायचे. एका सकाळी गोंदाने मनाचा हिय्या केला. हौसाकाकूकडून मूठभर मागून आणू, म्हणून बाहेर पडली. तर दारात काकूच उभी, ओलीचिंब, हातात वाळलेल्या मोहाचा गच्च भरलेला द्रोण.

"रागावू नकोस," काकू म्हणाली. "माझ्या पोरांना तेवढं शिकव. या खेपेला गुरुजींनी 'साठवणे' दिलंय. घरात छपरापर्यंत साठवून ठेवलंय गं, पण मेल्यांना एक वाक्य येत नाही."

गोंदाने आधी द्रोण आत घेतला. शेपूपुढे ठेवला. पोरीने पहिला घास चावल्याचा आवाज आला आणि मगच गोंदा काकूकडे वळली.

"उद्यापासून पाठवा," ती म्हणाली. "पण खाऊन पाठवा. उपाशी पोटी अभ्यास होत नाही, काकू."

तात्पर्य : संधी वाया घालवायला काही हरकत नाही. फक्त कशी घालवली ते चांगल्या अक्षरात लिहून ठेवावं. वेचणाऱ्यांना पुढे शिकवणी लागतेच.