गाठ सुटल्याशिवाय जेवण नाही

सकाळी सव्वाआठला झेंडा वर गेला, सलामी झाली, आणि सलामीचा हात खाली येतायेताच बारकू विशे सरांच्या लक्षात आलं की रविना मॅडमनी गणवेशावर स्वेटर घातलाय. विटकरी रंगाचा, गळ्यापर्यंत बटणं लावलेला. आत स्कार्फ आहे की नाही ते देव जाणे.

विशे सरांना त्या झेंड्यापेक्षा तो स्वेटरच जास्त फडकतोय असं वाटायला लागलं. शहापूरच्या शाळेचं स्काउट पथक सव्वीस वर्षं त्यांनी एकट्यानं सांभाळलं होतं. मोजा गुडघ्याखाली किती बोटांवर दुमडायचा हे त्यांची पोरं झोपेतसुद्धा सांगत.

"मॅडम, गणवेशावर स्वेटर चालत नाय."

"थंडी आहे सर. माळशेजचा वारा बघा की."

"थंडी सगळ्यांनाच हाय."

"मग सगळ्यांनाच घालू द्या!"

शेखर मधे पडला. शेखर हा सरांच्याच पथकातला जुना स्काउट. आता कल्याणला नोकरी करायचा आणि शिबिर असलं की सुट्टी टाकून पातेली घासायला यायचा. "सर, तुमचा पॉइंट बरोबर आहे," तो म्हणाला. "मॅडमचाही बरोबर आहे. चहा आणू का?"

शेखरचं हे असं होतं. त्याच्याकडे न्याय मागायला गेलं की चहा मिळायचा.

वाद स्वेटरचा दिसत असला तरी नुसता स्वेटरचा नव्हता. मे महिन्यात सर निवृत्त होणार होते आणि पथक कुणाच्या हाती द्यायचं ते त्यांनी सोमवारी मुख्याध्यापकांना सांगायचं होतं. शाळेत दोन वर्षांपूर्वी आलेल्या गाइड कॅप्टन रविना मॅडमखेरीज दुसरं कुणी तयार नव्हतं. आणि या बाई प्रत्येक गोष्टीला 'का?' म्हणून विचारायच्या. डावा हातच का मिळवायचा? शिट्टी तीनदाच का? सरांच्या खिशात एक अर्ज दोन घड्या करून ठेवलेला होता. 'योग्य व्यक्तीअभावी पथक बंद करावे' असं त्यात लिहिलं होतं. सही झाली होती, तारीख तेवढी राहिली होती. वैशाखरे गावच्या शाळेत भरलेलं हे एक दिवसाचं शिबिर बघायचं आणि परतताना टेम्पोत तारीख टाकायची, नाहीतर कागद फाडायचा, असं त्यांनी ठरवलं होतं. लिहिताना त्यांना फार वाईट वाटलं होतं. पण भलत्याच हातात पडून पथकाचं हसं होण्यापेक्षा ते मानानं बंद झालेलं बरं, अशी त्यांनी मनाची समजूत घातली होती.

चहा झाल्यावर सरांनी शिट्टी दिली. तीनदाच. "स्कार्फच्या टोकाला गाठ मारा. आज एकतरी सत्कृत्य करायचं, ते झालं की गाठ सोडायची. आणि गाठ सुटल्याशिवाय जेवण नाय. पोरांना नाय, आमाला पण नाय." सरांनी स्वतःच्या स्कार्फला करकचून गाठ मारली. बत्तीस पोरापोरींनी मारली. शेखरनंही मारली. रविना मॅडमनी मात्र नियमांचं पुस्तक उघडलं.

"सत्कृत्य पुस्तकात आहे सर. गाठ पण आहे म्हणा. पण जेवण बंद, हे कुठल्या पानावर आहे?"

"आमच्या सरांनी आमाला असंच शिकवलं."

"पोरं उपाशी ठेवायची म्हणजे…"

"उपाशी कोण ठेवतंय? एक काम करा नि जेवा. पुस्तकात हाय तेवढंच पाळायचं तर मग आपली गरज काय? पुस्तकच आणून ठेवा शाळेत."

पुस्तक मिटून मॅडम खिचडीच्या तांदळाकडे गेल्या. आपण जिंकलो की हरलो हे सरांना कळेना, म्हणून त्यांनी आणखी अर्धा कप चहा घेतला. गाठ सुटल्याशिवाय जेवण बंद होतं. चहाला सरांच्या मते बंदी नव्हती.

घोटाळा झाला तो पुढेच. त्या आठवड्यात म्हसा गावची जत्रा भरलेली. बैल बघायला, घोंगड्या घ्यायला, पाळण्यात बसायला अख्खं गाव म्हशाला गेलेलं. बत्तीस जण सत्कृत्य करायला गावात शिरले तेव्हा मदत करून घ्यायला माणूसच नव्हतं. दारांना कुलपं, आणि कोंबड्यांना कुणाची मदत नको होती. शेवटी एका पडवीत गंगी आजी गोधडी शिवत बसलेली सापडली आणि बत्तीसच्या बत्तीस जण तिच्यावर तुटून पडले.

तासाभरानं आजी काठी टेकत शाळेच्या पटांगणात आली.

"मास्तर, ही पोरं तुमची?"

"हो," सर कौतुकानं म्हणाले.

"मंग आवरा त्यांना. चारदा अंगण झाडलं माजं. आता मातीच राह्यली नाय. लाकडं रचली, परत पाडली, परत रचली!"

"पाडली कशाला?"

उत्तर वैष्णवीनं दिलं. ती पथकातली सर्वांत खरं बोलणारी आणि म्हणून सर्वांत त्रासदायक मुलगी होती. "सर, पुढच्याला रचायला पाहिजेत ना."

"नि म्हस!" आजीचा आवाज चढला. "सात बालद्या पाणी पाजलंय तिला. आता बालदी दिसली का पाठ फिरवते."

मोठ्या माणसांची तातडीची बैठक बसली. एकाच बाईला बत्तीस वेळा मदत चालते का? आधी बिघडवून मग केलेलं काम मोजायचं का? मदत नको असलेल्याला मदत केली तर गाठ सोडायची की आणखी एक मारायची? पाऊण तास वाद झाला. शेखरला सगळ्यांचेच पॉइंट बरोबर वाटले.

"ज्याला मदत केली त्याला मदत झाली असं वाटायला पायजे," सर शेवटी म्हणाले.

"हे तरी पुस्तकात आहे का?" मॅडमनी विचारलं, पण हसून. मग उठून पोरांना म्हणाल्या, "आधी आजीला विचारा काय पाहिजे ते. मग करा."

आजीला काय पाहिजे होतं? तिला सुईत दोरा ओवून पाहिजे होता, नजर जात नव्हती. दहा पोरींनी दहा सुया ओवून दिल्या, महिनाभराची बेगमी झाली. म्हशाला गेलेल्या मुलाला फोन लावून 'घोंगडी काळीच आण' म्हणून सांगायचं होतं. खाटेची सुंभं ओढायची होती, कौलं सरळ करायची होती, परसातले वाल तोडायचे होते. दीड वाजेपर्यंत सगळ्या पोरांच्या गाठी सुटल्या. शेखरनं रस्त्यावर बंद पडलेली एक गाडी ढकलून दिली. पंगत बसली. 'विचारून करा' ही गोष्ट आपल्याला सव्वीस वर्षांत सुचली नव्हती, हे सरांच्या मनात येऊन गेलं आणि त्यांनी ते चटकन झटकून टाकलं.

"सर, बसा," मॅडम म्हणाल्या. सरांनी स्कार्फचं टोक वर करून दाखवलं. दिवसभर न्यायनिवाडा करण्यात त्यांचं सत्कृत्य राहूनच गेलं होतं.

"अहो, तुमची शुगरची गोळी आहे ना? वेळेवर खायला नको?"

"नियम सगळ्यांना सारखा."

मॅडमनी कपाळाला हात लावला. उन्हं चांगली तापली होती तरी स्वेटर अंगावर तसाच होता, आणि हा केवळ आपल्याला हिणवण्यासाठी आहे याबद्दल सरांच्या मनात शंका उरली नव्हती. मॅडमनी सरांसाठी खिचडी झाकून ठेवली, तीही चांगली दोन माणसांची. बाईला अंदाज नाही, सर मनात म्हणाले.

मग सरांची गाठ सोडवायचं कारस्थान सुरू झालं. एक पोरगा त्यांच्यासमोर येऊन लंगडायला लागला. पहिल्यांदा डावा पाय, मग सर बघतायत म्हटल्यावर उजवा. दोन पोरी हरवल्या आणि हरवलेल्या जागेवरून सरांना हाका मारायला लागल्या. शेखर म्हणाला, माझी मोटरसायकल चालू होत नाही. सरांनी तिथूनच सांगितलं, "पेट्रोलचा कॉक उघड." शेखर ओशाळला.

"ठरवून केलेलं सत्कृत्य चालत नाय!" सर ओरडले. ओरडून झाल्यावर त्यांनी झेंड्याच्या काठीचा आधार घेतला. तीन वाजत आले होते.

शेवटचा डाव कुणाचा होता ते कधीच उघड झालं नाही, पण आजीची म्हैस सुटली. सरांनी तिला धरून आणावी असा बेत असावा. म्हशीला बेत ठाऊक नव्हता. सबंध दिवसात तिला फक्त पाणीच मिळालं होतं. ती सरळ पटांगणात आली, झाकण नाकानं उडवलं आणि दोन माणसांची खिचडी कुणी 'अगं' म्हणायच्या आत संपवली. मग शांतपणे झेंड्याच्या काठीला पाठ घासत उभी राहिली.

कुणी हसेना. सर मटकन पायरीवर बसले. रविना मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. "बघा सर! आता काय खाणार?"

म्हशीच्या मागोमाग गंगी आजी आली. तिनं पातेलं बघितलं, सरांचा चेहरा बघितला. "मास्तर जेवला नाय?"

शेखरनं तिला गाठीची सगळी हकीकत सांगितली. आजीनं सगळं ऐकून घेतलं.

"मी पण नाय जेवली," ती म्हणाली. "भाकरी केलीय, वालाची भाजी केलीय. पण घरातली समदी जत्रंला. एकटीला घास नाय जात हो. चार दिस झाले, अशीच उठते पानावरून. मास्तर, येता का? माज्यासंगं दोन घास खा. तेवढीच मदत व्हईल मला."

सरांनी तोंड उघडलं. ठरवून केलेलं आहे का, मागून घेतलेली मदत मोजतात का, जेवणच सत्कृत्य असेल तर गाठ आधी सोडायची की घास आधी घ्यायचा, असे तीन-चार प्रश्न त्यांच्या ओठांवर आले. पण आजी खोटं बोलत नव्हती. बत्तीस पोरांनी तिला काय पाहिजे ते विचारलं होतं आणि हे मात्र तिनं एकालाही सांगितलं नव्हतं. सर उठले. शेखर नि रविना मॅडम त्यांना सांभाळत पडवीपर्यंत आले.

आजीनं पाट मांडला. सर गाठ सोडायला गेले, आणि गाठ सुटेना. दिवसभर राग आला की सर तिलाच हिसका देत आले होते. ती दगडासारखी घट्ट झाली होती. दोरीच्या अठरा गाठी शिकवणारा माणूस एका साध्या गाठीशी झटत बसला. नखं लावली, दात लावले.

"थांबा, टाचणी आहे," मॅडम म्हणाल्या आणि घाईघाईत स्वेटरची बटणं काढली. आत स्कार्फ होता, नीट घडीचा, आणि त्याच्या टोकाला गाठ होती.

सर बघतच राहिले. "मॅडम… तुमी पण जेवला नाय?"

मॅडमनी टोक मुठीत लपवलं. "सकाळी एवढा वाद घातला. मग सगळ्यांसमोर गाठ मिरवायची लाज वाटली. म्हणून झाकली."

"पण तुमी तर सकाळपासून राबताय. एवढा स्वैपाक केला, पोरांना वाढलं…"

"ते कामच होतं ना सर. कामाला सत्कृत्य कसं म्हणायचं?"

आपण केवढे मूर्ख आहोत ते विशे सरांना त्या पडवीत एकदम कळलं आणि कळून बरं वाटलं. ती दोन माणसांची खिचडी खरोखरच दोन माणसांची होती.

मॅडमनी टाचणीच्या टोकानं, जीभ दाताखाली धरून, सरांची गाठ सोडवली. मग मान खाली घालून स्वतःची सोडली. ही मदत मोजायची की नाही हे कुणीच विचारलं नाही.

"चूल इझली गो," आजी आतून म्हणाली. "भाजी कढत करते. कागुद हाय का कुणाकडं पेटवाय?"

सरांनी खिशातून दोन घड्यांचा कागद काढून दिला.

"कसला कागद सर?" मॅडमनी विचारलं.

"रद्दी," सर म्हणाले. भाजी छान कढत झाली.

चौघंही एका ओळीत जेवायला बसली. शेखरचं दुसऱ्यांदा होतं. आजीनं आग्रह करकरून वाढलं आणि स्वतः दोन भाकऱ्या खाल्ल्या. हात धुतल्यावर सरांनी गळ्यातली शिट्टी काढली आणि मॅडमच्या डाव्या हातात ठेवली. मॅडमनी या वेळी 'का?' विचारलं नाही.

"सर, पण पुढच्या वर्षी नियमात बदल करायला लागेल हं," डोळे पुसून त्या म्हणाल्या.

सर हात पुसतापुसता थांबले. "कसला?"

"गाठ सुटेपर्यंत चहा पण बंद. तुम्ही आज पाच कप घेतलेत. मी मोजलेत."

"चहा?" विशे सर ताठ उठून बसले. "चहा बंद हे कुठल्या पुस्तकात लिहिलंय, मॅडम?"