समजलं असेल तर रिमोट हलवा

आमच्या तालमीच्या छताचे चार पत्रे सडले होते, ही बाब सर्व संबंधितांना मान्य होती. मान्य नसती तर भांडण झालं असतं आणि भांडणातून काहीतरी हललं असतं. पण मान्य बाबीवर कारवाई करण्याची आपल्याकडे पद्धत नाही. गाव कुठलं ते सांगत नाही, कारण नाव घेतलं की चौकशी लागते. घोटावडे फाट्यावरून आत वळलं की एका हाताला कारखान्याच्या भिंती आणि दुसऱ्या हाताला भातखाचरं लागतात, तेवढं पुरे. साल दोन हजार दहा.

मी वाल्मीक. मूळचा हिंगोलीकडचा, पिरंगुटच्या एका कारखान्यात टाइम ऑफिसला आहे. माणूस कामाला आला की नाही हा माझा प्रश्न नसतो, त्याचं कार्ड पंच झालं की नाही हा असतो. माझा हा गुण ओळखूनच गावाने मला, एका भाडेकरूला, तालीम समितीचा सचिव केलं.

तालीम कोंडाजी वस्तादांची. म्हणजे जागा ग्रामपंचायतीची, पण हौद्यातली लाल माती वस्तादांची. ताक, तेल, हळद आणि लिंबू घालून त्यांनी ती जन्मभर पोसली होती. त्यांना मूलबाळ म्हणजे माळे गावात दिलेली एक लेक आणि ही माती. गळतीचं पाणी जमिनीवरून ओघळून हौद्यात उतरायचं आणि कडेच्या मातीचा चिखल व्हायचा, म्हणून वस्तादांचं मागणं एकच होतं, पत्रे बदला.

मी रीतसर अर्ज केला. वरच्या कार्यालयातून उत्तर आलं की बलोपासना प्रोत्साहन योजनेतला निधी फक्त व्यायामाच्या साहित्यासाठी आहे, छत हे साहित्य नव्हे. मी विचारलं, पत्रा उचलून व्यायाम केला तर? उत्तर आलं, चालेल, परंतु असा पत्रा छतावर बसवता येणार नाही, कारण साहित्य वापरणाऱ्याच्या हाताशी असलं पाहिजे. इतकं स्वच्छ उत्तर मी सरकारकडून प्रथमच पाहिलं. मला कार्यालयाबद्दल आदर वाटला.

निधी परत जाऊ द्यायचा नाही यावर मात्र सरपंच स्नेहलताई ठाम होत्या. तसं त्यांचे यजमान इंद्रजित यांनी आम्हाला सांगितलं. ताईंची मतं तेच सांगत. हिंजवडीच्या अंगाची जमीन विकून त्यांनी भाड्याच्या खोल्या बांधल्या होत्या आणि त्यातल्या एका खोलीत अनिमेष नावाचा अमरावतीचा कॉम्प्युटर इंजिनिअर राहत होता. तोडगा त्याने काढला.

"सर, मोशन कंट्रोलवाला गेम घ्या," तो म्हणाला. "हातात रिमोट धरायचा. तुम्ही हात फिरवला की टीव्हीतला राजपुत्र तलवार फिरवतो. घाम निघतो घाम. शिवाय कितीदा तलवार फिरवली ते मशीन स्वतः मोजतं."

स्वतः मोजतं म्हटल्यावर मी सही केली.

भिंतीएवढा टीव्ही आला, यंत्र आलं, रिमोट आले. तालमीत न गळणारी जागा एकच होती, ती हौद्याच्या डोक्यावर. वस्तादांनी आयुष्यभर झगडून तेवढा भाग कोरडा राखला होता. तेव्हा हौद्यावर तात्पुरत्या फळ्या टाकून त्यावर टीव्ही ठेवायचं ठरलं. वस्ताद फळ्यांकडे बघत राहिले.

"तात्पुरत्या म्हंजी कितीक दिवस?"

"तात्पुरत्या म्हणजे तात्पुरत्या, वस्ताद," मी म्हणालो.

पहिल्याच दिवशी मतभेद झाला. खेळ असा होता की ढगांवरच्या राज्यातली राजकन्या एका राक्षसाने पळवलेली, आणि राजपुत्राने तिला सोडवायची. पण सुरुवातीलाच पांढऱ्या दाढीचा एक म्हातारा येतो आणि राजपुत्राला चालायला शिकवतो. पुढे चल. शाब्बास. आता मागे वळ. शाब्बास. म्हातारा इंग्रजीत बोलत होता आणि अनिमेष मराठी करून सांगत होता.

इंद्रजित तापले. "चालायचं कसं हे शिकवतोय व्हय? आमी काय रांगत आलो का हितं?"

"हे ट्यूटोरियल आहे," अनिमेष म्हणाला. "बोअर असतं. हे बटण दाबलं की स्किप होतं. कोणीच बघत नाही."

"थांब," कोंडाजी वस्ताद मागून म्हणाले. सगळे वळले. वस्ताद या यंत्राच्या बाजूने काही बोलतील असं कुणालाच वाटलं नव्हतं. "त्यो म्हातारा बराबर बोलतोय. माझ्याकडं पोरगं आलं की पयले सहा म्हैने त्यानं नुसता हौदा खणायचा. फावडं धरायचं कसं, पाय रोवायचा कसा, ते कळल्याबिगर डाव न्हाई. ह्यो लई लवकर शाब्बास म्हनतोय, तेवढंच खटकतंय."

झालं. गावात दोन पक्ष पडले. शिकवणी पुरी झाल्याशिवाय कुणी राक्षसाकडे जाऊ नये म्हणणारा वस्तादांचा पक्ष, आणि शिकवणी गाळून थेट राजकन्येकडे जाऊ म्हणणारा इंद्रजितचा पक्ष. मी योजनेची कलमं चाळली. त्यात 'प्रशिक्षणार्थी' असा शब्द सापडला. ज्याचं प्रशिक्षण संपलं तो प्रशिक्षणार्थी राहत नाही, आणि जो प्रशिक्षणार्थी नाही त्याच्यासाठी निधी नाही. म्हणून ट्यूटोरियल गाळायचं नाही, आणि संपवायचंही नाही, असा ठराव मी मांडला. दोन्ही पक्षांना तो आपलाच विजय वाटला.

मधल्या काळात वस्ताद मन लावून शिकत होते. धोतराचा काचा मारून टीव्हीसमोर उभे राहायचे, रिमोट कपाळाला लावायचे आणि पडद्यावरच्या गवताच्या पुतळ्यावर असा वार करायचे की बघणारा मागे सरके. शिकवणीच्या शेवटी म्हातारा म्हणायचा, 'आतापर्यंत सांगितलेलं समजलं असेल तर रिमोट वरखाली हलव.' हो म्हणण्याची त्या खेळातली ती रीत होती. हलवलं की शिकवणी संपली. बाकीचे तिथवर आले की ठराव आठवून रिमोट खाली ठेवत. वस्तादही तिथे थांबत, पण ठरावासाठी नव्हे.

"हलवा की वस्ताद," अनिमेष एकदा म्हणाला. "नुसतं यस म्हणायचंय."

"समजलं न्हाई तर व्हय कसं म्हनू?" वस्ताद म्हणाले आणि पुन्हा पहिल्यापासून चालायला शिकू लागले.

दुसरा मतभेद हातवाऱ्यांवरून झाला. शोध अनिमेषचा. ऑफिसातून दमून आला होता, म्हणून तो कट्ट्यावर टेकून खेळायला बसला आणि त्याला कळलं की पूर्ण हात फिरवायची गरजच नाही. मनगट जरासं झटकलं तरी टीव्हीतला राजपुत्र तितक्याच आवेशाने तलवार फिरवतो. म्हातारा तितक्याच प्रेमाने शाब्बास म्हणतो. आणि आकडा वाढतो.

तालमीत उभे राहून हात फिरवणारे पूर्णहस्त गट झाले आणि बसून झटकणारे मनगट गट. पूर्णहस्तवाले म्हणत, हा व्यायाम नव्हे. मनगटवाले विचारत, मग आकडा का वाढतो? आणि आकड्याशी वाद घालता येत नाही. मी ट्यूटोरियल व हातवारे उपसमिती नेमली. उपसमिती बसून काम करत असल्याने तिचा कल कुठे होता हे सांगायला नको.

निर्णायक गोष्ट विश्रामने केली. हा वस्तादांचा शेवटचा खरा पट्ठा, जोर-बैठका मारून अंगाला तेल चोळून आलेला. त्याने तेलकट हातात रिमोट धरला, पाय रोवला, आणि वस्तादांनी शिकवल्याप्रमाणे अंगातली सगळी ताकद लावून वार केला. रिमोट सुटला तो थेट मारुतीच्या तसबिरीवर. काच फुटली. रिमोट शाबूत राहिला.

"सुरक्षिततेचा प्रश्न आहे," इंद्रजित म्हणाले. हे ताईंचंच मत असल्याचंही सांगितलं. त्यानुसार उभं राहून व्यायाम करण्यास तालमीत मनाई झाली. अंगाला तेल लावून येणाऱ्यास प्रवेश बंद झाला. बसून खेळताना दोघांची कोपरं एकमेकांना लागली, तेव्हा बसण्यासही मनाई झाली आणि आडवं होण्यासाठी समितीने सुतळीने विणलेल्या बाजा मागवल्या. बाजा मात्र साहित्यात मोडल्या, कारण त्या हाताशी होत्या. विश्राम एका कारखान्यात वॉचमन म्हणून लागला.

गावातले तालेवार पुरुष आता रोज संध्याकाळी तालमीत येऊन आडवे पडत आणि मनगट झटकत. मी दाराशी बसून हजेरी घेई. पंधरा वर्षांत तालमीला इतकी हजेरी नव्हती.

वस्ताद एकदा उशाशी येऊन उभे राहिले. इंद्रजित बाजेवर पडून, एका हाताने कुणाशी तरी फोनवर प्लॉटचं बोलत, दुसऱ्या हाताने गवताचा पुतळा तोडत होते. म्हातारा त्यांना शाब्बास म्हणत होता. वस्तादांनी बराच वेळ ऐकलं.

"ह्यो झोपल्या मानसाला शाब्बास म्हनतोय," ते मला म्हणाले. "ह्यो वस्ताद न्हाई, वाल्मीकराव. मी उगाच त्याचं ऐकत बसलो."

त्यानंतर त्यांनी रिमोटला हात लावला नाही.

तपासणीला वरच्या कार्यालयातून नलिनी मॅडम आल्या. त्यांनी चप्पल बाहेर काढली, आत डोकावल्या आणि हळू आवाजात विचारलं, "आजारी आहेत का सगळे?"

"व्यायाम चालू आहे, मॅडम," मी म्हणालो आणि आकडा दाखवला.

मॅडमनी चष्मा लावला. मग काढून पुसून पुन्हा लावला. त्यांनी पाहिलेल्या कुठल्याही व्यायामशाळेत इतका व्यायाम झालेला नव्हता. त्यांनी बाजांकडे पाहिलं, आकड्याकडे पाहिलं आणि आकड्यावर विश्वास ठेवला. पुढचा हप्ता मंजूर करायला त्या तयार झाल्या. एकच त्रुटी निघाली. फळ्यांच्या फटीतून लाल माती उडते आणि यंत्रावर बसते. सरकारी साहित्याला धूळ चालत नाही. तेव्हा माती काढून हौदा बुजवावा आणि वर फरशी घालावी, मग हप्ता.

"आणि छत?" वस्तादांनी विचारलं.

"छत साहित्यात येत नाही, बाबा," मॅडम म्हणाल्या. खरं सांगायचं तर फार गोड बोलल्या.

हौदा बुजवण्यावर समितीची सभा तालमीतच झाली. टीव्ही मागे चालूच होता, तो आम्ही बंद करत नसू, कारण बंद केला की पुन्हा चालायला शिकण्यापासून सुरुवात होई. म्हातारा शेवटच्या प्रश्नाशी येऊन उभा होता. रिमोट हरवू नये म्हणून मी तो शर्टाच्या खिशात ठेवला होता.

वस्ताद उठले. ते भांडले नाहीत. भांडले असते तर मला इतिवृत्तात लिहायला सोपं गेलं असतं.

"माती काढा म्हनताय तर काढतो," ते म्हणाले. "पर ती गटारीत न्हाई टाकू द्यायचो. लेकीच्या घरी, माळ्याला न्हेतो. तिच्या परड्यात हौदा करीन. येक टेंपो बोलावलाय उद्या सकाळला. माझ्यात आता फावडं चालवायची ताकद ऱ्हायली न्हाई, खोटं कशाला बोलू. तुमच्यातल्या निम्म्यांनी ह्या मातीत अंग लावलंय. तुमच्या बापांनी लावलंय. पत्रं न्हाई दिलं, ऱ्हाऊ द्या. चार फावडी घिऊन या. येवढंच मागनं हाय."

इंद्रजितनी डोळे पुसले, आणि ते नाटक नव्हतं, ते लहानपणी याच हौद्यात पडून रडलेले होते. स्नेहलताई त्या दिवशी सभेला स्वतः आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "वस्ताद सांगत्यात ते खरं हाय. फावडी घिऊन गेलं पायजे." त्यांचं स्वतःचं म्हणून एवढंच मत मी आजवर इतिवृत्तात लिहिलं. अनिमेष म्हणाला, "टोटली, सर." आणि सगळ्यांनी, एकूण एक माणसाने, अगदी मनापासून मान हलवली. मीही हलवली. नुसती मान नाही, कमरेपासून हललो, इतकं मला पटलं होतं.

त्याबरोबर खिशातला रिमोट वरखाली झाला. टीव्हीतून तुतारी वाजली, वरून फुलं पडली आणि म्हातारा हात जोडून काहीतरी म्हणाला. आम्ही अनिमेषकडे पाहिलं.

"म्हणतोय, शाब्बास, तुला सगळं समजलं," अनिमेष म्हणाला. "प्रशिक्षण पूर्ण."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसला निघालो तेव्हा टेंपो तालमीशी उभा होता. वस्ताद एकटेच घमेलं भरत होते. एक भरायचे, बसायचे, मग उठून दुसरं भरायचे. टेंपोवाला घड्याळ बघत होता. मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण माझी बस आली होती, आणि टाइम ऑफिसचा माणूसच उशिरा गेला तर कसं चालेल? मी बसच्या खिडकीतून मान हलवली. निम्मी माती टेंपोत गेली. उरलेल्या निम्म्यावर आता फरशी आहे.

इतिवृत्त मी त्याच संध्याकाळी लिहून टाकलं. मातीच्या कामी सहमती दर्शवून हालचाल केलेल्या सर्वांना हजर लावलं. यादी आजही उघडी आहे. वस्तादांचं बोलणं वाचताना, 'खरं आहे' असं वाटून, आपणही बसल्या जागी मान हलवलीत ना? मग आपलं नाव सांगा, घालून टाकतो.