कंट्रोलची ओळ

देऊळघाटात पेढे वाटायला निघालेला माणूस ओंकारभाऊंचं घर टाळून पुढं जातो. कारण ओंकारभाऊ पेढा हातात घेतात, तोंडात टाकत नाहीत, आणि विचारतात, "ते बरं झालं. पण याचं कंट्रोल कुठी हाय?"

शेजारच्या शांताबाई नवीन नव्हत्या, तरी एकदा फसल्या. नातवाचा ताप नवसानं उतरला म्हणून त्या पेढा घेऊन गेल्या.

"मागच्या गल्लीतल्या पोराले बी तापच होता ना?" ओंकारभाऊंनी विचारलं.

"होता."

"त्याच्यासाठी कोणी नवस केला होता?"

"नाही."

"मंग त्याचा उतरला का नाही?"

"उतरला ना, परवाच," शांताबाई म्हणाल्या. आपण काय बोललो ते लक्षात आलं तसं त्यांनी ओंकारभाऊंच्या हातातला पेढा परत घेतला. "तुमच्या तोंडाले गोड नाही लागत, तर आमचं काऊन कडू करता?"

आमच्या भागात कंट्रोल म्हणजे रेशनचं दुकान. ओंकारभाऊंचं कंट्रोल वेगळं. एखादं औषध लागू पडतं का हे पाहायचं असेल, तर काही रोपांना ते देतात आणि काहींना मुद्दाम देत नाहीत. ज्यांना काहीच दिलं नाही, ती रोपं म्हणजे कंट्रोल. दोन्हींची तुलना केल्याशिवाय औषधाचा गुण कळत नाही. एवढी साधी गोष्ट, पण ओंकारभाऊंनी ती इतकी मनावर घेतली, की गाव त्यांना 'कंट्रोलवाले भाऊ' म्हणू लागलं. जळगाव जामोदकडून लग्न होऊन आलेली एक नवी सून ते नाव ऐकून रेशनकार्ड आणि पिशवी घेऊन त्यांच्या दारात उभी राहिली. ओंकारभाऊंनी तिला बसवून सगळं समजावलं. ती रिकामी पिशवी घेऊन घरी गेली आणि नवऱ्याला म्हणाली, "कंट्रोलवाले म्हणे, ज्याले काहीच भेटत नाही, त्याच्यामुळंच दुनियेले खरं समजते."

नवरा म्हणाला, "त्यात नवीन काय सांगतलं? कंट्रोलात दर महिन्याले तेच होते."

हे मी हसत सांगतो खरा, पण तो शब्द त्यांना शिकवला मी. आणि मला त्यावर हसण्याचा अधिकार नाही.

मी बुलढाण्याला महाविद्यालयात वनस्पतीशास्त्र शिकवतो. नऊ वर्षांपूर्वी पीएचडीच्या प्रयोगासाठी मला वांग्याचं शेत हवं होतं. ओंकारभाऊंनी विहिरीजवळचा तुकडा दिला. कडुनिंब आणि सीताफळ यांच्या पानांचा अर्क फवारला तर वांगी पोखरणारी अळी कमी होते का, हा माझा विषय. सगळ्या ओळींवर अर्क, आणि बांधाकडच्या एका ओळीवर फक्त साधं पाणी. आज कळतं, एकच ओळ ठेवणं हीसुद्धा चूकच होती.

"त्या ओळीले काहीच नाही देयाचं?" त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"काहीच नाही. अळी पडली तरी हात लावायचा नाही."

"अन् सगळी खाल्ली तर?"

"तर उत्तमच. अर्काचा गुण ठळक दिसेल."

ते माझ्याकडं बघतच राहिले. त्या साली त्यांची पत्नी, कलावहिनी, आजारी होती. मला माहीत होतं. मी दारातून "कसं आहे आता?" असं विचारायचो, उत्तर पूर्ण व्हायच्या आत वांगी मोजायला जायचो. माझा प्रयोग संपायच्या आधीच वहिनी गेल्या. मूलबाळ नव्हतं. मोठं घर आणि वावर, दोन्हीकडं ते एकटेच राहिले.

पदवी मिळाल्यावर माझं तिथलं काम संपलं होतं. पण मी जाणं थांबवू शकलो नाही. दर रविवारी जगातले नवे शोधनिबंध छापून न्यायचो आणि ओंकारभाऊंना मराठीत समजावून सांगायचो. त्यांनीच मागितले होते. "दुनियेत काय शोधून राह्यले, ते मलेबी समजू द्या," असं म्हणाले होते. विहिरीजवळच्या पत्र्याच्या शेडमध्ये टमाट्याचं रिकामं कॅरेट पालथं घालून ते बसायचे. एका रविवारी मधमाश्या, दुसऱ्या रविवारी सिमेंटमधल्या भेगा, कधी झोप, कधी मुलांचं गणित, कधी चंद्रावरची माती. दहावीपर्यंत शिकलेला हा माणूस प्रत्येक निबंधाच्या मध्यावर मला हात करून थांबवायचा. निष्कर्षाची त्यांना घाई नसायची. आधी कंट्रोल.

चंद्राच्या मातीच्या वेळी मी वैतागून म्हणालो, "भाऊ, यात कंट्रोल म्हणजे पृथ्वीवरची माती."

"मंग आपलंच वावर की!" ते म्हणाले, आणि दिवसभर खुशीत होते.

औषधांवरचे निबंध मात्र त्यांना सोसायचे नाहीत. निम्म्या रोग्यांना खरी गोळी आणि निम्म्यांना तशीच दिसणारी, पण आत औषध नसलेली पोकळ गोळी देतात, हे कळलं तेव्हा त्यांनी भाकरी बाजूला ठेवली.

"त्यायले माहीत होतं, आपली गोळी पोकळ हाय म्हणून?"

"नाही. कुणाला कोणती मिळाली ते सांगत नाहीत."

"अन् सगळं झाल्यावर? मंग देल्ली का खरी?"

मी निबंध चाळला. तसं काही लिहिलेलं नव्हतं.

"विचारा त्यायले," ते म्हणाले. मी ईमेल करेपर्यंत त्यांनी मला उठू दिलं नाही. आश्चर्य म्हणजे महिन्याभरानं त्या परदेशी प्राध्यापिकेचं उत्तर आलं: हो, नंतर सगळ्यांना खरं औषध दिलं. ते छापून मी त्यांना नेऊन दिलं. आठ दिवस ते पत्र त्यांच्या खिशात होतं. ज्यांना प्रयोगाचा पत्ता नव्हता, अशा लोकांना रस्त्यात थांबवून ते सांगत होते, "सगळ्यायले भेटलं बरं का! कोणी राह्यलं नाही!" लोकांना वाटलं, एखादं सरकारी अनुदान आलं.

जगातल्या प्रत्येक शास्त्रज्ञाला प्रश्न विचारणाऱ्या या माणसानं एका प्रयोगाबद्दल कधीच काही विचारलं नाही. माझ्या. कुणी शंका काढली तर म्हणायचे, "सरचं माह्या वावरात झालं. ते पाहेल हाय." त्यांच्या शब्दावर देऊळघाटात आणि आजूबाजूला भाजीवाल्यांनी माझा अर्क फवारायला सुरुवात केली.

गेल्या पावसाळ्यात सुमनबाई नावाची शेतकरीण टोपलीभर किडकी वांगी घेऊन शेडमध्ये आली. टोपली तिनं आम्हा दोघांच्या मध्ये ठेवली.

"सर, तुमचं पानाचं पाणी दर आठ दिवसाले मारलं. हे पाहा."

मी काही बोलायच्या आत ओंकारभाऊ तिच्यावर खेकसले, "तुवंच कमी टाकलं असन! सरचं चुकूच शकत नाही."

"तुमी कंट्रोल नाही विचारत काय आज?" सुमनबाई म्हणाली. "सर आले का तोंडाले कुलूप लागते काय?" टोपली तिथंच टाकून ती निघून गेली.

मी घरी आलो, पण जेवलो नाही. पुढच्या रविवारी निबंध न नेताच गेलो. ओंकारभाऊ मेथीच्या जुड्या बांधत होते.

मी उभ्यानंच म्हणालो, "भाऊ, त्या साली कंट्रोलच्या ओळीत किडकी वांगी जास्त निघालीच नव्हती. फवारलेल्या ओळींत निघाली तेवढीच निघाली. मी वहीत खरे आकडे लिहिले आणि प्रबंधात दुसरे."

"दुसरे म्हंजे?"

"खोटे."

त्यांनी हातातली जुडी पूर्ण बांधली, ओल्या पोत्यावर ठेवली. "काऊन?"

"पाच वर्षं गेली होती. मार्गदर्शक म्हणाले होते की..." मी थांबलो. "नाही. ते काहीच म्हणाले नव्हते. मला पदवी पाहिजे होती."

मला वाटलं, आता ते जा म्हणतील. त्याचीच तयारी करून आलो होतो. ते म्हणाले, "बसा."

मी बसलो.

"खोटं तुमी नंतर केलं, सर. पयले म्या केलं." ते जुड्यांकडं बघत बोलत होते. "रोज सकाळी उजाडलं का मी त्या ओळीत जाऊ. किडके शेंडे तोडू, अळी येचून काढू. तुमी येयाच्या आधी."

"तुम्ही?"

"तुमची वहिनी तवा घरी आणेल होती. मोठ्या दवाखान्यातून सांगतलं, आता काही देयाचं नाही, घरीच ठेवा. खाटेवर ती, अन् वावरात ही ओळ. दोघीलेही साधं पाणी." त्यांनी मेथीची एक काडी उचलली आणि परत ठेवली. "तिच्यासाठी करासारखं काही राह्यलं नव्हतं. ओळीसाठी होतं. मले पाहवलं नाही."

विहिरीवरचा पंप चालू होता. त्यांनी उठून तो बंद केला.

"तुमचं पास झालं तवा मले वाटलं, देवानं झाकलं. म्हणून चूप बसलो. पण तवापासून कोणाचंही संशोधन ऐकलं का जीव धाकधूक करे. वाटे, त्याच्याबी ओळीत पहाटं कोणी जाऊन आलं असन काय?"

इतकी वर्षं मी त्यांच्या प्रश्नाला विनोद समजत होतो. घरी बायकोला नक्कल करून दाखवत होतो.

मग त्यांनी मला ते विचारलं, जे माझ्या परीक्षकांनी विचारायला हवं होतं. "मंग ते औषध लागू हाय का नाही?"

"माहीत नाही, भाऊ."

"एवढ्या वर्सानं?"

"हो."

पुढच्या आठवड्यात सुमनबाई मला बाजारात भेटली. म्हणाली, "ओंकारभाऊ घरोघर फिरले. सांगून गेले, सरचं सगळं बरोबर होतं, म्याच अळ्या येचून प्रयोग बुडवला, फवारा बंद ठेवा. आता गाव त्यायलेच नावं ठेवून राह्यलं. म्हणते, दुनियेले कंट्रोल विचारे, अन् सोताचंच कंट्रोल नव्हतं."

ती हसली. मला हसता आलं नाही. माझ्या खोट्या आकड्यांबद्दल त्यांनी एक शब्दही काढला नव्हता. मी वाचलो होतो, पुन्हा एकदा, आणि पुन्हा त्यांच्याच पाठीमागं लपून.

तिथूनच मी देऊळघाटच्या स्टँडवरच्या चहाच्या हॉटेलात गेलो. तिथं दहा-बारा माणसं होती. मी सगळ्यांसमोर सांगितलं, की ओंकारभाऊंनी अळ्या वेचल्या हे खरं, पण आकडे मी बदलले, आणि ते माहीत असून इतकी वर्षं तुम्हाला फवारू दिलं.

मग कोपऱ्यातला एक जण म्हणाला, "म्हंजे सर, तुमीबी कॉपी केली?"

"कॉपी नाही बे," दुसरा म्हणाला. "कॉपीत उत्तर तरी बरोबर येते."

तो खुर्चीत वळून बसला, पाठ माझ्याकडं करून. चहा मला कुणी विचारला नाही. ते योग्यच होतं. त्याच आठवड्यात मी विद्यापीठाला पत्र लिहिलं. उत्तर अजून आलेलं नाही. पदवी जाईल, कदाचित नोकरीही. भीती वाटते. ती लपवत नाही.

ओंकारभाऊंना पत्राची प्रत वाचून दाखवली, तेव्हा ते म्हणाले, "ते तिकडचं झालं. इकडं वांगे पुन्हा लावा लागतीन."

लावली. या वेळी कंट्रोलच्या ओळी चार, वेगवेगळ्या जागी, आणि त्या सुमनबाईच्या ताब्यात. तिनं एकच अट घातली: आकडे रोज तिच्याही वहीत उतरवायचे. ओंकारभाऊंनीही अट घातली. "फवारा मी मारीन, बाकी सगळं करीन, पण त्या ओळींत मले जाऊ देऊ नका."

काल पहिल्या तोडणीची मोजणी होती. मी आणि सुमनबाई कंट्रोलच्या ओळीत बसून एकेक वांगं कापून पाहत होतो. शेंडे माना टाकून लोंबत होते. ओंकारभाऊ बांधावर उभे होते, रस्त्याकडं तोंड करून, दोन्ही हात मागं घट्ट धरलेले. बराच वेळ त्यांनी वळून पाहिलं नाही.

"लय खाल्लं काय, सर?"

काहीतरी कमी करून सांगावं, असं मला त्या क्षणीही वाटलं.

"हो भाऊ," मी म्हणालो. "लय खाल्लं."

त्यांच्या मागं धरलेल्या हातांची बोटं एकदा हलली.

"लिहा मंग," ते म्हणाले, आणि रस्त्याकडंच पाहत राहिले.