मेन स्विच पाडणारे अप्पा

आमच्या इमारतीत लाईट गेली की आम्ही खिडकीतून रस्त्याकडे बघत नाही. जिन्यात येतो आणि तळमजल्यावरच्या शिवराजअप्पांच्या दाराकडे बघतो. दार बंद दिसलं की समजायचं, त्यांच्या चिन्नीला फिट आलीय आणि अप्पांनी मीटरच्या खोलीत जाऊन अख्ख्या इमारतीचा मेन स्विच पाडलाय. चिन्नी म्हणजे त्यांची मांजर.

पहिल्यांदा हे घडलं तेव्हा मी शेंगांची चटणी वाटत होते. मिक्सर घरघरत मधेच गप्प झाला. मी त्याला दोन चापट्या मारल्या, आमच्या ह्यांना दोष देऊन घेतला आणि तिसरी चापटी मारणार तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या खाला जिन्यातून म्हणाल्या, "मिक्सर कू नक्को मारो भाभी. अप्पा की बिल्ली कू दौरा आया."

अप्पा वीज खात्यातून रिटायर झालेले. मूळचे भालकीकडचे. घरच्यांशी कन्नड, आमच्याशी मराठी, खालांशी दखनी आणि चिन्नीशी तिन्ही. जनावरांच्या डॉक्टरांनी त्यांना समजावलं होतं की फिट म्हणजे मेंदूतली वीज थोडा वेळ भरकटते, अशा वेळी उजेड आणि आवाज कमी ठेवा. डॉक्टरांना म्हणायचं होतं, पडदा ओढा, टीव्ही बंद करा. पण वीज भरकटली असं ऐकल्यावर खात्यातला माणूस दुसरं काय करणार? नोकरीभर अप्पांचा एकच नियम होता. "आधी सप्लाय बंद. मग बाकीचं."

आमचे हे भांडायला खाली गेले. "अप्पा, मांजर काय बोर्डाला जोडलंय का?"

"सर, फॉल्ट कुठून यायलाय ते कळंना. रिस्क कामून घ्यायची?"

हे कॉलेजात इतिहास शिकवतात. वीज हा त्यांचा विषय नाही. परत आले आणि मेणबत्ती शोधायला लागले. भर दुपारी.

एकदा मी वाटीभर चटणी द्यायला गेले असताना चिन्नी माझ्यासमोरच आडवी झाली. पाय सायकल मारल्यासारखे हलत होते, तोंडाला फेस. आमच्या माहेरी कुणाला फिट आली की कांदा फोडून नाकाला लावायचे, कांदा नसला तर चप्पल. माझ्या हातात कांदा नव्हता. अप्पा मेन स्विच पाडून धावत परत आले, तर मी एका पायावर उभी, हातात चप्पल.

"अक्का, ती पायात घाला."

"अहो, वासानं शुद्धीवर येतात."

"कुणी येत न्हाई. तोंडाजवळ हात न्यायचा न्हाई, काही घालायचं न्हाई. काय करायलीय ते तिला कळत न्हाई. चावली तर लागंल तुम्हाला, अन् नाव तिचं खराब होईल."

पलंगाच्या पायाला तिचं डोकं आपटू नये म्हणून त्यांनी मधे उशी सरकवली आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघत जमिनीवर बसले. पाच मिनिटांच्या आत थांबली तर ठीक, वर गेली तर उचलून थेट डॉक्टरकडे, असं ठरलेलं होतं. ती थांबली. मग मला बाहेर पाठवून त्यांनी दार लावून घेतलं. आत ते काय करतात ते कुणाला माहीत नव्हतं.

चिन्नीची गोळी सकाळ-संध्याकाळ, लोण्यात लपवून. ती चुकली तर फिट परत यायची. म्हणून अप्पा कुठे जात नसत. भालकीची लग्नं हुकली, यात्रा हुकल्या. बायको वारलेली, एकुलती एक मुलगी बेंगळूरला. तिनं घर बांधलं, वास्तुशांती काढली आणि फोनवर विचारलं, "अप्पा, मांजरापायी माझ्या घरला येणार न्हाईत का?"

अप्पांनी हे आमच्याकडे येऊन सांगितलं. चहा गार केला.

"जा तुम्ही," मी म्हटलं. "गोळी मी देते."

"गोळीचं न्हाई हो अक्का. फिट गेल्यावर तिला नीट दिसत न्हाई. कुणालाच ओळखत न्हाई. तवा मी तिथं न्हाई म्हटल्यावर ती घाबरून कुठं निघून गेली म्हंजे?"

"दार बंद ठेवीन."

"दार ठेवा. पण आत ती कुणाजवळ ऱ्हाईल?"

तरी ते गेले.

वास्तुशांतीच्या दुपारी मी दूधभात ठेवायला गेले आणि चिन्नी फ्रिजजवळ पडली. उशी लावली, पडदा ओढला, पंखा बंद केला. हात चपलेकडे गेला, तो मागे घेतला. फिट थांबली. चिन्नी उठली, भिंतीला धडकत खोलीभर फिरायला लागली. मी हाक मारली तर माझ्यावर फिस्कारली. मी अप्पांना फोन लावला. त्यांनी लगेच उचलला. मागे भांड्यांचा आणि पोरांचा गलका होता.

"थांबली का?"

"थांबली. पण मला जवळ येऊ देईना."

"फोन खाली ठेवा. स्पीकरवर."

गलका हळूहळू लांब गेला. एक दार लागलं. मग अप्पांचा आवाज आला. नव्या पाहुण्याला स्वतःची ओळख करून द्यावी तसा, सावकाश.

"चिन्नी. मी शिवराज. भिऊ नको. हे घर आपलंच हाय. तू हितलीच हायस. मी बी हितलाच. दोघंच असतो आपण."

चिन्नी थांबली. कान वळले. फोनजवळ आली, हुंगून बघितलं आणि बसली.

"अक्का चांगल्या हायत. भात देत्याल, खा."

तिनं खाल्लं. ताटली चाटली आणि पलंगाखाली जाऊन झोपली. आता फोन उचलून अप्पांना तसं सांगायला हवं होतं. मी हात पुढे केलाही.

"हितं घर लई मोठं हाय," अप्पा बोलत होते. "समदे चांगले हायत. जावई चांगला हाय. नातू इंग्लिशमधी बोलतो, मला कळत न्हाई, मी हसतो. म्हणून वरच्या खोलीत येऊन बसलोय."

मी हात मागे घेतला.

मधेच ते विचारायचे, "हायस न्हवं तिथं?" आणि थोडं थांबून, उत्तर आल्यासारखे, पुढे बोलायला लागायचे.